महिपतीचं वजन

महिपती हावळचं वजन एक्क्याण्णव पूर्णांक सहा निघालं, त्याच दिवशी आमदारांचं चौदा निघालं. दोघांना खऱ्या काट्यावर उभं केलं असतं तर निकाल नेमका उलटा लागला असता, कारण महिपती म्हणजे थोडी हाडं आणि बाकीची मिशी. पण हे वजन किलोतलं नव्हतं. ते शब्दाचं वजन होतं, आणि ते मोजणारं यंत्र वडकरंजीत येऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

वडकरंजी हे यंत्रमागांचं गाव. बाराशे कारखाने, त्यांत वीस हजार माग, आणि ते चालवायला चार राज्यांतून आलेली, बायकापोरांपासून दूर राहणारी माणसं. एच.आय.व्ही.वरची सहामाही सुई येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. सुई घेतलेल्याला लागण होत नाही. लागण झालेला रोजची गोळी न चुकता घेत असेल, तर त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला काही होत नाही. म्हणजे रोग संपायला शास्त्राची काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती गावातल्या तपासणी केंद्रापर्यंत चालत जायला. सरकारनं भिंती रंगवल्या, चौकाचौकात नाटकं केली, रिक्षाला कर्णे बांधले. लोकांनी नाटकं आवडीनं पाहिली, नटांना चहा पाजला आणि सुई न घेता कामावर गेले. माणूस भिंतीचं ऐकत नाही, ओळखीच्या माणसाचं ऐकतो, हे कळायला सरकारला आठ वर्षं आणि सात समित्या लागल्या. मग प्रश्न उरला, कुठल्या ओळखीच्या माणसाचं?

त्यासाठी हे यंत्र. सरकारी नाव 'सहवास प्रणाली'. गावानं पहिल्याच दिवशी त्याचा वजनकाटा करून टाकला. त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. खिशातला फोन जवळच्या फोनला गुपचूप ओळखतो आणि कोण कुणापाशी किती वेळ होता ते टिपून ठेवतो. बोलणं ऐकायचीही सोय होती, पण फोनला ऐकू आली ती फक्त मागांची खटखट, म्हणून यंत्रानं कानांचा नाद सोडला आणि पावलं धरली. एखादा माणूस एका कारखान्यात चार तास बसून गेला आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिथून तपासणीला येणाऱ्यांचा आकडा दुप्पट झाला. तो जिथे बसला नाही, तिथे झाला नाही. असं एकदा झालं तर योगायोग. साठ वेळा झालं तर यंत्र म्हणतं, या माणसाच्या शब्दाला वजन आहे. त्याच्यापासून उठलेली माणसं लगेच किती दारांत गेली, तेही यंत्र वजनात धरतं. सगळ्या गावानं फोनवर 'मान्य आहे' हे बटण आपणहून दाबलं होतं. दाबणाऱ्याला एक पंचा फुकट मिळत होता. टॉवेल-पंचांच्या गावात लोकांनी पंचासाठी रांग लावली, यावरून फुकट या शब्दाला किती वजन असतं तेही कळलं.

"महिपतीराव, अख्ख्या गावात तुम्ही पहिले," मृण्मयी मॅडम म्हणाल्या. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. पुण्याच्या, तिशीतल्या, चष्म्याआड सतत जागरण झालेले डोळे. "दोन नंबरचा माणूस चाळीसच्या खाली आहे. तुम्ही लोकांना नेमकं सांगता तरी काय?"

महिपतीनं मिशीवरून हात फिरवला. "आमी काय सांगनार, मॅडम? बसतो, सुतं वडतो, उठतो."

"हा विनय आहे," मॅडम म्हणाल्या आणि तसं त्यांनी लिहूनही घेतलं.

हे बोलणं झालं ते केंद्रातल्या काचेच्या खोलीत. त्या खोलीलाही इतिहास होता. एका नियमानुसार रुग्णाचं बोलणं बाहेर ऐकू जाता कामा नये. दुसऱ्या नियमानुसार बंद दाराआड कर्मचारी आणि रुग्ण एकटे असता कामा नयेत. दोन्ही नियम पाळायचे म्हणून चारही बाजूंनी जाड, आवाज अडवणारी काच बसवली होती. आतला माणूस सगळ्यांना दिसायचा आणि कुणालाच ऐकू यायचा नाही. पुण्यात बसून आखलेल्या आराखड्यात ही उत्तम सोय होती.

फक्त वडकरंजीतली माणसं कानांनी ऐकत नाहीत. चाळीस माग एकदम चालू असलेल्या शेडमध्ये कुणी कितीही ओरडलं तरी ते शेजाऱ्याला कळत नाही, म्हणून तिथे ओठ वाचतात. ओडिशाहून आलेला कामगार सहा महिन्यांत मराठी ओठ वाचायला शिकतो, मराठी बोलायला मात्र त्याला तीन वर्षं लागतात. साठ फुटांवरून शिवी ओळखू येते. खासगी काही सांगायचं असेल तर खांद्यावरचा टॉवेल तोंडापुढे आडवा धरायचा, ही इथली रीत. काचेच्या खोलीत जाणारेही तेच करत. मॅडमनी पहिल्या अहवालात नोंद केली होती: 'समुपदेशनाच्या वेळी सत्त्याऐंशी टक्के पुरुष तोंड झाकून बोलतात. लाजेचं प्रमाण चिंताजनक.'

त्या दिवशी महिपतीनं टॉवेल खांद्यावरच राहू दिला. बातमी झाकण्यासारखी नव्हतीच. तो खोलीबाहेर आला तेव्हा बाकावरची सगळी माणसं उभी राहिली.

"अण्णा, एक्क्याण्णव!" कुणीतरी ओरडलं. "आन आमदार चौदा! पेढे कुठं हायती?"

घरी आक्काताईनं, म्हणजे महिपतीच्या बायकोनं, बातमी शांतपणे ऐकून घेतली. "गावात ऐकत्यात व्हय तुमचं? मग हितं दळन आनायला सांगा की त्या आमदाराला. आठ दिस मी सांगतीया, माजं वजन कमी पडतंय."

*

वहिफणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. मागावरचं बीम, म्हणजे उभी सुतं गुंडाळलेला रूळ, संपलं की नवं चढवतात. त्या बीममधली चार हजार सुतं एकेक करून वही नावाच्या तारांच्या चौकटीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओढून घ्यावी लागतात. पुढे बसणारा आकडी घालतो, मागे बसणारा सूत निवडून आकडीला देतो. चार-पाच तास दोघं सुतांच्या पडद्याआडून समोरासमोर. २०३४ साली हे काम करणारं यंत्र जगात मिळत होतं. वडकरंजीच्या मालकांनी त्याची किंमत विचारली आणि महिपती-रवळूलाच बोलावलं.

रवळू पाटोळे हा महिपतीचा सव्वीस वर्षांचा जोडीदार. तो मागे बसायचा. त्याच्याकडे फोन नव्हता. कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका शेडमध्ये सुतं ओढता ओढता महिपतीनं ओठांनीच वजनाची हकिकत सांगितली. रवळू हसला आणि सूत देत राहिला. तेवढ्यात बिहारचा एक कामगार माग सोडून आला आणि रवळूपाशी उकिडवा बसला. रवळूनं खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या तोंडांपुढे पडद्यासारखा धरला. पाव मिनिट. कामगार उठला, मागावर गेला. थोड्या वेळानं दुसरा आला.

हे महिपती सव्वीस वर्षं पाहत आला होता. अडलेला माणूस रवळूकडे जायचाच; त्यात पाहण्यासारखं काय? पण त्या दिवशी आकडी त्याच्या हातातच राहिली. ज्या शेडमध्ये महिपती बसला, त्या प्रत्येक शेडमध्ये सुतांच्या पलीकडे रवळू बसला होता. आणि रवळूच्या खिशात फोन नसल्यामुळे यंत्राच्या लेखी त्या जागी हवा होती.

"रवळ्या," महिपतीचे ओठ हलले. "तू काय सांगतोस रं त्यास्नी?"

रवळूनं टॉवेल पुन्हा आडवा धरला, या वेळी दोघांच्या मध्ये. "तपासून घे. नसंल तर सुई घे, असंल तर गोळी घे. आन कुनाला सांगू नको, मला बी न्हाई."

"एवडंच?"

"एवडंच. पुडं इचारलं तर मानूस येत न्हाई."

"मंजे वजन तुजं हाय."

"र्‍हाऊ दे तुज्याकडं. मला पेलायचं न्हाई." रवळूनं पुढचं सूत दिलं.

का पेलायचं नाही, ते महिपतीला ठाऊक होतं. अख्ख्या गावात त्याला एकट्यालाच. बारा वर्षांपूर्वी असाच एका शेडमध्ये, चाळीस मागांच्या गदारोळात, असाच टॉवेल आडवा धरून रवळूचे ओठ हलले होते: मला तो रोग हाय. त्यात आवाज नव्हता. त्यानंतर दोघांपैकी कुणी तो शब्द कधी उच्चारला नाही, ना आवाजानं, ना ओठांनी. रवळू दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शेजारच्या तालुक्यात जायचा आणि गोळ्यांची बाटली घेऊन यायचा. गावाला सांगायचा, देवाला जातो. बारा वर्षांत एक मंगळवार चुकला नाही. त्यामुळे वडकरंजीत रवळूइतका भाविक माणूस दुसरा नाही, असं सगळ्यांचं मत होतं आणि दोन मंडळांनी त्याला अध्यक्ष व्हायचा आग्रहही केला होता.

फोन घेतला की आरोग्यकार्ड जोडावं लागतं आणि कार्ड जोडलं की फोनवर गोळ्यांची नोंद दिसते. म्हणून रवळूकडे फोन नव्हता.

*

पुढच्या महिन्यात प्रकल्पानं महिपतीला पूर्णवेळ घेतलं. केशरी जाकीट दिलं. पाठीवर 'माझं ऐका' असं छापलेलं होतं. जाकिटाच्या कॉलरवर टॉवेल ठरत नव्हता, घसरत होता, म्हणून महिपतीनं तो घरी ठेवला. प्रकल्पाचा फोनही दिला, वजन बदललं की एक गोड बाई त्यातून मोठ्यानं सांगायची, "अभिनंदन, महिपतीराव!"

"वहिफणीत तुमचे रोज पाच तास एकाच शेडमध्ये जातात," मॅडमनी हिशोब मांडला. "तेवढ्यात तुम्ही पंधरा शेड कराल."

"आन माजा जोडीदार?"

मॅडमनी संगणकाचा पडदा चाळला. "रवळनाथ पाटोळे. फोन नाही. वजन शून्य."

महिपतीनं त्या वेळी तोंड उघडलं असतं तर? त्यानं उघडलं नाही. एक कारण असं, की रवळूचं नाव घेतलं की लोक रवळूकडे बघणार. दुसरं कारण असं, की जाकीट अंगाला बरोबर बसलं होतं आणि चौकातल्या चहावाल्यानं त्या सकाळी पहिल्यांदाच त्याला खुर्ची दिली होती. या दोन कारणांचं एकमेकांशी प्रमाण काय होतं, हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नव्हतं.

रवळूला त्यानं संध्याकाळी सांगितलं. रवळू म्हणाला, "चांगलं हाय की. बसून बसून पाट गेलीया तुजी." आणि सिद्राम नावाच्या एकाला जोडीला घेऊन तो मोठ्या शेडमध्ये कामाला लागला. सिद्राम सुतं पटापट ओढायचा आणि मागे कुणी येऊन बसलं तर कपाळाला आठ्या घालायचा. येणारे कमी झाले.

महिपती रोज पंधरा शेड फिरू लागला. तो माग बंद करायला लावायचा, सगळ्यांना गोळा करायचा, चित्रं दाखवायचा आणि मॅडमनी पाठ करून घेतलेलं बोलायचा. लोक आदरानं ऐकायचे. एकानं तर टाळ्याही वाजवल्या. शेवटी तो विचारायचा, "मग कोन कोन येनार?" आणि चाळीस माणसं एकदम आपापल्या मागाच्या तुटलेल्या सुताकडे बघायला लागायची. चारचौघांत हात वर करणं म्हणजे आपण कुठे जातो-येतो ते हात वर करून सांगणंच.

गोड बाईचा सूर महिन्याभरात उतरला. "महिपतीराव, आपलं वजन चौसष्ट." मग सत्तेचाळीस. मग एकोणतीस. एकोणतीसला चहावाल्यानं खुर्ची परत घेतली.

"अवं, वाळत चाललायसा," आक्काताई म्हणाली. "जाकीट घालून वजन उतरत आसंल तर काडून टाका की."

*

मृण्मयी मॅडम हट्टी होत्या आणि शास्त्र जाणणाऱ्या होत्या. त्यांनी तीन दिवस पडद्यापुढे बसून काढले. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता महिपतीला काचेच्या खोलीत बोलावलं. बाहेर काचेच्या दोन्ही बाजूंना मांडलेल्या बाकांवर सुई घ्यायला आलेले सोळाजण बसलेले होते. बऱ्याच दिवसांनी एवढी गर्दी होती.

"एखादा ग्रह आपल्या वाटेवरून जरासा डगमगताना दिसला," मॅडमनी सुरुवात केली, "तर शास्त्रज्ञ काय म्हणतात? म्हणतात, शेजारी न दिसणारं काहीतरी जड आहे आणि ते याला ओढतंय. न दिसणारे ग्रह असेच सापडलेत. महिपतीराव, तुम्ही तेच, बोलणं तेच, शेड त्याच. वजन मात्र तुम्ही वहिफणी सोडली त्या दिवसापासून पडलं. म्हणजे वजन तुमच्या शेजारी होतं." त्यांनी चष्मा काढला. डोळे चमकत होते. "शून्य! तो शून्य नव्हता, आम्हाला दिसत नव्हता. रवळनाथ पाटोळे. बरोबर ना?"

 महिपतीनं जाकिटाची चेन उगाच वर-खाली केली.

"केवढा माणूस असेल तो! आज त्याचा सत्कार करायचा. कॅमेरावाले अकराला येतील. स्टँडवर त्याचा मोठा फोटो लावू, आजच फोन देऊ, कार्ड जोडून देऊ."

"नको, मॅडम."

"का? तुम्हाला वाईट वाटतंय? तुमचा मान राहीलच की."

"मानाचं न्हाई वो. त्याला ते आवडायचं न्हाई. लाजाळू हाय."

"लाज घालवण्यासाठीच तर आपण बसलोय इथं! हा एक माणूस वर्षाला दोन-तीनशे लागणी थांबवतोय, महिपतीराव. कुणाचे तरी नवरे, कुणाची तरी मुलं. आणि तुम्ही म्हणता लाजाळू?" त्या उठल्या. पर्स उचलली. "चला. मोठ्या शेडमध्ये आहे ना तो? मी स्वतः जाते."

महिपतीला दिसलं ते असं: शेडच्या दारात कॅमेरा, रवळूच्या हातात कोरा फोन, आणि फोनवर एकापाठोपाठ एक उघडत जाणारे बारा वर्षांचे मंगळवार. तो दाराच्या आडवा झाला. खोलीत आवाज भरून राहील इतक्या जोरानं बोलला, कारण आवाज बाहेर जात नाही, हे त्याला तीन महिन्यांपासून माहीत होतं.

"मॅडम, ऐका माजं! रवळूला सोताला हाय तो रोग. बारा वरसं झाली. गोळ्या खातोय म्हनून जगलाय. म्हनून फोन घेत न्हाई त्यो, म्हनून कार्ड न्हाई. गावात कुनाला म्हाईत न्हाई. तुमी कॅमेरा घेऊन गेलात तर मारून टाकाल त्याला!"

मॅडमनी उचललेली पर्स परत टेबलावर ठेवली.  मग त्यांनी कॅमेरावाल्यांना फोन करून यायला मनाई केली, पडद्यावरचं रवळूचं नाव पुसलं, पुन्हा एकदा पुसलं, आणि महिपतीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हा शब्द या खोलीबाहेर जाणार नाही. माझं वचन."

मॅडमनी वचन पाळलं. शेवटपर्यंत पाळलं.

महिपती हायसं वाटून वळला. घाम पुसायला हात सवयीनं खांद्यावर गेला, आणि रिकामाच परत आला.

काचेपलीकडे बाकांवर सोळा माणसं होती. सोळाच्या सोळा एकाच वेळी जमिनीकडे बघत होती. मग एकजण उठला आणि बाहेर गेला. मग दोघं उठले.

*

मोठी शेड केंद्रापासून पंधरा मिनिटांवर. महिपती धावला. छप्पन्न वर्षांचा माणूस जितका धावतो तितका धावला. वाटेत दोन्ही बाजूंना शेडची दारं उघडी होती, आणि प्रत्येक दारातून त्याला दिसत होतं. पहिल्या दारात एकाचे ओठ हलले: रवळू मामा. दुसऱ्या दारात: बारा वरसं. तिसऱ्या दारात कुणीतरी तोंडापुढे टॉवेलही न धरता विचारत होता, आन आपन त्याच्या हातचा चा पिलाय की? महिपती धावत होता आणि त्याचं स्वतःचं वाक्य प्रत्येक दारात त्याच्या आधी पोचलेलं होतं.

गोळी घेणाऱ्यापासून काही होत नाही, हे या माणसांना कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. त्यांतल्या निम्म्यांना ते शिकायला रवळूनंच केंद्रात धाडलं होतं. पण शिकलेलं सवडीनं आठवतं, आणि भीतीला सवड लागत नाही.

मोठ्या शेडमध्ये तो शिरला तेव्हा माग चालू होते आणि रवळू आपल्या जागी, बीमच्या मागे बसला होता. हातात सूत होतं. पुढच्या जागेवर सिद्राम नव्हता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि धोतराला हात पुसत होता, पुन्हा पुन्हा. चाळीस कामगार मागांवर होते, पण एकाचीही नजर कापडावर नव्हती. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघत होते.

रवळूही बघत होता. या शेडमधलं दूरचं वाचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. साठ फुटांवरून, एका अनोळखी माणसाच्या ओठांवर, त्यानं आपलं नाव वाचलं होतं आणि त्यामागचा शब्दही वाचला होता. महिपतीला पाहिल्यावर त्यानं सूत खाली ठेवलं. सावकाश, गुंता होणार नाही असं.

तेवढ्यात लाईट गेली.

चाळीस माग एकदम थांबले. वडकरंजीत असं झालं की कानांत घंटा वाजल्यासारखी शांतता होते आणि माणसं उगाचच हसतात, कारण आता बोललं तर ऐकू येईल, याची त्यांना सवय नसते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. छपराच्या कौलांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले होते आणि त्यांत कापसाची धूळ तरंगत होती.

त्या शांततेत महिपतीच्या जाकिटातून गोड आवाज आला.

"अभिनंदन, महिपतीराव! गेल्या चाळीस मिनिटांत आपलं वजन अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार झालं आहे. आपला शब्द सव्वीस शेडमध्ये पोचला. हा प्रणालीचा आजवरचा सर्वात मोठा..."

महिपतीनं फोन बाहेर काढला. बंद करायचं बटण त्याला सापडेना. बाई आकडे सांगत राहिली. शेवटी त्यानं फोन मुठीत दाबून पोटाशी धरला, तेव्हा ती थांबली.

रवळू उठून उभा राहिला. गुडघे धरून, हळू. आणि बोलला. आवाजानं.

"व्हय," तो म्हणाला. "मला एच.आय.व्ही. हाय."

बारा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडातून ऐकू आला होता. त्याचा आवाज कसा आहे हे त्या शेडमधल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. त्यांनी त्याचे फक्त ओठ पाहिलेले. आवाज बारीक होता, जरासा घोगरा, एखाद्या शाळेतल्या मास्तरसारखा.

"तुमच्यातल्या कुनाकुनाला मी सांगितलं हुतं, तपासून घे. त्यांनी गोळी बंद करू नका. सुई चुकवू नका. मी आता न्हाई म्हनून चुकवू नका." त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणाकडेही थांबली नाही ती. कुणाला त्यानं ओळख दिली नाही. त्या चाळिसांतले कोण कोण त्याच्या टॉवेलाआड बसून गेले होते, ते त्याही दिवशी कुणाला कळलं नाही. त्या कुणाकुणापैकी एकजण जरी पुढे आला असता तरी पुरलं असतं. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं मागाकडे.

पुढे त्या आठवड्यात केंद्रात सुई घ्यायला आलेल्यांचा आकडा तीन होता. त्यांतले दोन रस्ता चुकून आले होते.

रवळूनं आपली पिशवी घेतली. महिपतीच्या समोर येऊन तो थांबला. त्यानं महिपतीच्या केशरी खांद्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. रागावलेला नव्हता. कामात सूत तुटलं की कुठे तुटलं ते शोधतात, तसं तो पाहत होता.

"टॉवेल कुठं हाय रं तुजा?" त्यानं विचारलं.

महिपतीनं तोंड उघडलं. खूप सांगायचं होतं. मी तुला वाचवायलाच सांगितलं, कॅमेरा येणार होता, मला वाटलं काच आहे. आणि मग जाकिटाचं, चहावाल्याच्या खुर्चीचं, पहिल्याच दिवशी खरं न सांगितल्याचं. एवढी सुतं एकदम आली की त्यातलं पहिलं कुठलं ते सापडत नाही. सुतांच्या पलीकडे रवळू बसलेला असता तर त्यानं निवडून दिलं असतं.

रवळूनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो वळला आणि दाराकडे चालू लागला.

लाईट आली. चाळीस माग एकदम सुरू झाले आणि खटखटीनं शेड भरून गेली. तेव्हा महिपतीला शब्द सापडले.

"रवळ्या! माजं चुकलं! माजं चुकलं रं!"

तो छाती फुटेस्तोवर ओरडला. त्याला स्वतःलासुद्धा ते ऐकू आलं नाही. चाळीस कामगारांनी मात्र त्याचे ओठ पाहिले आणि शब्दन् शब्द वाचला. रवळूची पाठ होती.